कर्त्यामागे उरणारे कार्य
(मठाच्या वर्धापनोत्सवानिमित्त मकरपुरा, बडोदे येथे झालेले व्याख्यान)

मठाचा वर्धापनदिन हा उत्सवाचा दिवस खरा, परंतु तो हिशोबाचाही दिवस असतो. किती वर्षे लोटली हे मोजणे सोपे आहे. जे कार्य आरंभिले ते आरंभ करणाऱ्याच्या पश्चात कोणत्या बळावर चालले आणि पुढे कोणत्या बळावर चालेल, हे पाहणे कठीण असते. थोर पुरुषांच्या हयातीत संस्था भरभराटतात यात नवल नाही. नवल आहे ते त्यांच्यामागे संस्था उभी राहण्यात. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. मकरपुऱ्याची भूमी आणि तिच्यापासून काही मैलांवर असलेले बडोदे शहर या दोहोंच्या इतिहासात ते सविस्तर लिहिलेले आहे.

मकरपुऱ्याचा राजवाडा प्रथम बांधविला तो खंडेराव महाराजांनी, सन १८७० च्या सुमारास. शिकारीची हौस आणि उन्हाळ्यातील विश्रांती हा त्याचा हेतू होता. पुढे तिसरे सयाजीराव महाराज यांनी त्याचा विस्तार केला आणि भोवती मोठी बाग उठविली. आज त्या वास्तूत भारतीय वायुसेनेचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि मकरपुऱ्याचे नाव घेतले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहतीतील कारखाने उभे राहतात. वाडा राहिला, पण ज्या हेतूने तो बांधला तो हेतू मालकाबरोबर संपला. याच राजघराण्याने उभारलेली शाळा, ग्रंथालय, जलाशय आणि पेढी मात्र मूळ हेतूनिशी अद्याप चालू आहेत. एकाच हाताने निर्माण झालेल्या वस्तूंपैकी काही टिकल्या आणि काहींचे प्रयोजनच सरले, असे का व्हावे? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

प्रथम पूर्वस्थिती पाहिली पाहिजे. खंडेरावांच्या मागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. राज्यकारभार तेव्हा सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर चालत असे. धनी प्रसन्न असेल तर इनाम, रुष्ट असेल तर बेडी. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या, पण खजिन्याला शिस्त राहिली नाही आणि रयतेच्या तक्रारींना दाद राहिली नाही. अखेर १८७५ साली इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. तोफ सोन्याची असली तरी तिच्यामागे नियम नसेल तर ती राज्य राखीत नाही, हा धडा बडोद्याला फार महाग पडला.

त्याच वर्षी खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. गोपाळराव हे त्याचे मूळ नाव. शेतीवाडी करणाऱ्या कुटुंबातील हा मुलगा २७ मे १८७५ रोजी सयाजीराव झाला. तो अल्पवयीन असता कारभार पाहिला तो दिवाण सर टी. माधवराव यांनी. त्रावणकोर आणि इंदूर या संस्थानांत त्यांनी कारभाराचा अनुभव घेतलेला होता. त्यांनी मोठा देखावा केला नाही. हिशोब लावले, खर्चाला मर्यादा घातली, न्यायाच्या कचेऱ्या नीट केल्या आणि वर्षाच्या कामाचा छापील अहवाल प्रसिद्ध करण्याची प्रथा घातली. ही शेवटची गोष्ट दिसावयास लहान, पण परिणामाने मोठी आहे. जो कारभार दरवर्षी लिहून जगापुढे ठेवावा लागतो, तो एका माणसाच्या मनात राहत नाही. तो कागदावर येतो, आणि कागदावर आलेली गोष्ट दुसऱ्याला पुढे चालविता येते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले, आणि ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत ते गादीवर होते. इतकी दीर्घ कारकीर्द लाभलेल्या राजाच्या बाबतीत एक धोका असतो. सर्व काही त्याच्याच भोवती गुंफले जाते आणि तो गेल्यावर विस्कटते. सयाजीरावांच्या बाबतीत एका योगाने हा धोका टळला. प्रकृतीच्या कारणाने आणि ज्ञानाच्या ओढीने ते वरचेवर परदेशी जात आणि महिनेच्या महिने बडोद्याबाहेर राहत. यावर त्या काळी टीका पुष्कळ झाली आणि तीत तथ्य नव्हते असे नाही. तथापि त्यामुळे एक गोष्ट अपरिहार्य झाली. राजा नसताना राज्य चालले पाहिजे, अशी व्यवस्था लावावी लागली. दिवाणाचे अधिकार कोणते, मंत्रिमंडळाचे कोणते, खातेप्रमुखाने स्वतःच्या जबाबदारीवर काय ठरवावे आणि हुजुरांकडे काय पाठवावे, हे लिहून ठेवावे लागले. जो पुढारी आपल्या हयातीतच आपल्या अनुपस्थितीचा सराव संस्थेला देतो, त्याच्या पश्चात त्या संस्थेवर आकाश कोसळत नाही.

आता प्रत्यक्ष कार्याकडे वळू. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची गोष्ट सर्वश्रुत आहे, पण तिच्यातील क्रम ध्यानात घेतला जात नाही. महाराजांच्या मनात आले आणि साऱ्या संस्थानात फर्मान सुटले, असे झाले नाही. काठेवाडातील अमरेली हा तेव्हा बडोद्याच्या अमलाखालील मुलूख. तेथे, अमरेली गाव आणि आसपासची थोडी खेडी एवढ्याच क्षेत्रात, १८९३ साली हा प्रयोग सुरू झाला. शिक्षक किती लागतात, इमारती कोठे अडतात, पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत पोरे शाळेत कशी येत नाहीत, मुली पाठविण्यास घरचे लोक का कचरतात, हे सारे तेथे पाहिले गेले. पुढे क्षेत्र वाढवीत नेले आणि तेरा वर्षांनी, १९०६ साली, कायदा सर्व संस्थानास लागू झाला. १९१० साली नामदार गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. पुढच्या वर्षी त्यांनी आणलेले विधेयक सरकारने मान्य केले नाही. स्वतंत्र भारतात शिक्षण हा बालकांचा मूलभूत हक्क ठरला तो २००२ च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा अमलात आला २०१० साली. अमरेलीच्या त्या थोड्या खेड्यांत पडलेले बी देशाच्या कायद्यात उगवण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

या प्रयोगात उणेपणाही होता. गैरहजेरीबद्दल पालकांना दंड होत असे, आणि दंडाचा भार गरिबाला श्रीमंतापेक्षा अधिक जाणवतो. दंडाने मूल शाळेच्या दारापर्यंत येते. वर्गात टिकते ते शिक्षकाच्या मायेने आणि घरच्यांना पटल्यामुळे. म्हणून केवळ शाळा काढून भागणार नाही, शिकलेले विसरू नये याची सोय झाली पाहिजे, हे महाराजांनी ओळखले. त्यातूनच ग्रंथालयांची चळवळ जन्मास आली.

१९०६ साली महाराज अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बडोद्यास आणविले. लक्ष्मीविलास राजवाड्यातील स्वतःचा सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. राजवाड्याच्या कपाटातील पुस्तक शहरातील कोणाही वाचकाच्या हाती आले. स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र दालने निघाली आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी पाठविणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली.

परंतु या चळवळीचे खरे मर्म पैशाच्या व्यवस्थेत होते. एखाद्या गावास ग्रंथालय हवे असेल तर गावकऱ्यांनी प्रथम आपली वर्गणी जमवावी. तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. तीन हिस्से, तीन हात. सारे पैसे हुजुरांच्या तिजोरीतून आले असते तर ग्रंथालय सरकारचे झाले असते. सारे गावावर टाकले असते तर गरीब गावात ते निघालेच नसते. गावाने पहिला रुपया घातला म्हणून ते गावाचे झाले. देणगी माणसाला ऋणी करते, हिस्सा माणसाला धनी करतो. हा भेद ज्याला कळला त्याला संस्था टिकविण्याचे अर्धे शास्त्र कळले.

दुसरी गोष्ट माणसांची. बॉर्डन सुमारे तीन वर्षे राहिले आणि १९१३ साली परत गेले. परक्या देशातून आलेला तज्ज्ञ निघून गेला की त्याची पद्धतीही त्याच्याबरोबर जाते, असा अनुभव पुष्कळदा येतो. येथे तसे घडले नाही, कारण त्यांनी आल्यापासून ग्रंथपालांचा वर्ग चालवून येथील तरुण तयार केले होते. त्यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी धुरा घेतली, आणि कुडाळकरांच्या नंतर इतरांनी. गुजराती समाजात मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळांच्या द्वारे गावोगाव वाचनालये काढण्याचा उद्योग आधीच आरंभिला होता; सरकारी खात्याने त्यांना दूर न ठेवता सामील करून घेतले. लोकांत आपोआप उगवलेल्या कार्यास पाणी घालणे, हे नवे रोप लावण्याहून अधिक शहाणपणाचे असते. मध्यवर्ती ग्रंथालय आजही बडोद्यात उभे आहे. संस्थान गेले, सरकारे बदलली, पण वाचक येतच आहेत.

अशीच आणखी काही उदाहरणे थोडक्यात सांगता येतील. शहराला स्वच्छ पाणी मिळावे म्हणून आजवा येथील सयाजी सरोवर बांधले गेले आणि १८९२ पासून त्याचे पाणी बडोद्यास मिळू लागले. आजही शहराच्या पाण्याचा एक हिस्सा तेथून येतो. १८९० साली कलाभवन निघाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे आद्य प्रवर्तक. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे तेथलेच विद्यार्थी. गज्जर पुढे मुंबईस गेले, परंतु कलाभवन बंद पडले नाही. आज ते विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विभागाच्या रूपाने नांदत आहे. २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. महाराजांचा तिला आधार होता, पण ती महाराजांची खासगी तिजोरी नव्हती. संस्थानच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली तिची नोंद झाली, भागीदार आले, संचालक आले, हिशोब तपासला जाऊ लागला. १९१३ ते १९१७ या काळात देशातील कित्येक बँका बुडाल्या, ही तगली. १९६९ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि २०१९ साली आणखी दोन बँका तिच्यात विलीन झाल्या. मालक बदलले, व्याप बदलला, नाव तेच राहिले.

येथवर यशाची कथा झाली. परंतु ज्या प्रसंगाने बडोद्याची मान खाली जाते, तो टाळून हे विवेचन पुरे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सयाजीरावांनी अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. भीमराव आंबेडकर या तरुणास त्यांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिक्षणानंतर संस्थानची नोकरी करावी असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले. महाराजांच्या मनात त्यांना मोठ्या जागेवर चढवावयाचे होते. पण शहरात त्यांना राहण्यास खोली मिळेना. एका पारशी सराईत त्यांनी आसरा घेतला. काही दिवसांत जात कळताच हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. शहरातील बागेत झाडाखाली बसून त्या विद्वानाने अश्रू ढाळले आणि ते मुंबईस परतले. त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात आणि हजारो लोक तेथे मस्तक नमवितात.

या प्रसंगाचा विचार शांतपणे केला पाहिजे. हुकूम देणारा प्रामाणिक होता. शिष्यवृत्ती खरी होती, नेमणूक खरी होती. तरीही संस्थेचे दार बंदच राहिले, कारण दार उघडण्याचे काम सिंहासन करीत नाही, दारावरचा माणूस करतो. वरच्या पायरीवर झालेला पालट खालच्या पायरीपर्यंत उतरला नाही. शाळा, ग्रंथालये, पाणी या बाबतीत महाराजांनी लोकांना हळूहळू तयार केले, लहान क्षेत्रात प्रयोग केले, त्यांचा हिस्सा घेतला. येथे मात्र एकटा माणूस पुढे पाठविला आणि त्याच्या भोवतीची माणसे होती तशीच ठेविली. फळ आंबेडकरांना भोगावे लागले. संस्थेतील सुधारणा किती खोल गेली याचे माप तिच्या प्रमुखाच्या भाषणात नसते. सर्वांत दुबळा माणूस प्रथमच उंबऱ्याशी येतो तेव्हा पहारेकरी त्याच्याशी कसा वागतो, यात ते असते.

तसेच, लोकांच्या हाती सत्ता देण्याच्या बाबतीतही पाऊल संथच होते. १९०८ साली धारासभा स्थापन झाली खरी, पण तिचे काम मुख्यतः सल्ला देण्याचे. अखेरचा शब्द राजाचाच राहिला. प्रजामंडळाने अधिक अधिकारांची मागणी केली ती याच कारणाने. शाळेत शिकविलेली प्रजा केव्हा ना केव्हा प्रश्न विचारणारच, आणि तिने ते विचारावे हेच शिकविणाऱ्याचे यश होय.

१९३९ साली सयाजीराव गेले, आणि अवघ्या दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या राज्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते राज्यच नकाशावरून पुसले गेले. संस्थेची याहून कठीण परीक्षा कोणती असेल? आणि त्या परीक्षेच्या तोंडावर, विलीनीकरणाच्या आदल्या दिवशी, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय अस्तित्वात आले. १८८१ चे बडोदे कॉलेज, कलाभवन आणि इतर विद्यासंस्था त्यात एकत्र झाल्या. पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाच्या भारतीय विद्यापीठात कुलगुरूपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. नातू प्रतापसिंहराव यांच्या हातचे राज्य जात होते, त्याच वेळी आजोबांची विद्या नव्या घरात सुरक्षित ठेविली जात होती. बदलास अडविण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी, बदलाच्या प्रवाहातून काय पार न्यावयाचे हे ठरविण्यात ती खर्च झाली.

एक लहान परंतु गोड उदाहरण येथे देणे उचित होईल. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे नाव व्यायामप्रेमी मराठी माणसाला परिचित आहे. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी ते नावारूपास आणले. देशभरातून तरुण त्यांच्याकडे शिकण्यास येत. तरीही व्यायाममंदिराला त्यांनी आपले नाव दिले नाही. आपल्या मुसलमान गुरूंचे, जुम्मादादांचे नाव दिले. शिष्याने गुरूचे नाव पुढे ठेवले की पुढच्या शिष्याला आपोआप कळते, आपण मालक नसून परंपरेतील एक दुवा आहोत. जेथे प्रत्येक पिढी स्वतःचे नाव कोरू पाहते तेथे भिंत लवकर भरते आणि घर रिकामे होते.

सज्जनहो, मठ ही संस्थाही याच नियमांस बांधलेली आहे. भारतवर्षात मठपरंपरा शतकानुशतके टिकल्या त्या केवळ एखाद्या सत्पुरुषाच्या तेजामुळे टिकल्या असे नव्हे. पूजेचा क्रम, अन्नदानाची रीत, शिष्यास अधिकार देण्याची पद्धती, आणि आलेल्या धनाचा विनियोग यांची शिस्त त्यांनी घालून दिली होती. जेथे ही शिस्त तुटली तेथे समाधीपुढे दिवा राहिला, पण त्या दिव्याच्या उजेडात वाचणारा कोणी उरला नाही.

मकरपुऱ्याच्या कारखान्यांतही आज हाच प्रश्न घरोघर उभा आहे. एका यंत्रावर आरंभ केलेल्या पित्याने कारखाना वाढविला. आता किल्ल्या मुलाच्या हाती द्यावयाच्या आहेत. किल्ली देणे सोपे. निर्णय घेण्याची, आणि प्रसंगी चुकण्याची मोकळीक देणे कठीण. पित्याच्या डोळ्यांदेखत मुलगा चुकला तर दुरुस्ती होते. पित्यामागे चुकला तर दिवाळे निघते.

म्हणून या वर्धापनदिनी प्रत्येक भाविकाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःशी काही प्रश्न विचारावेत. वर्षाचा हिशोब सर्वांना वाचता येईल असा लिहिला जातो काय? आज जो एकटा माणूस एखादे काम जाणतो, त्याच्या हाताखाली ते शिकणारा दुसरा कोणी आहे काय? नवा उपक्रम साऱ्या गावावर लादण्यापूर्वी लहान क्षेत्रात करून पाहिला आहे काय? ज्यांच्यासाठी कार्य चालते त्यांचा त्यात हिस्सा आहे, की ते केवळ घेणारे राहिले आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला आजवर कोणी आत बोलाविले नाही असा माणूस उद्या दाराशी आला, तर दारावरचा सेवक त्याला काय म्हणेल?

यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्यास राजवैभव लागत नाही. वहीचे एक पान, शिकविण्याची सवड आणि थोडा नम्रपणा एवढे पुरते. पुढाऱ्याचे मोठेपण त्याच्याविना काम अडते यात नाही. त्याच्याविना काम अडत नाही, आणि तरीही त्याची आठवण प्रेमाने होते, यात आहे. या मठाच्या सेवेत असलेल्या प्रत्येकाच्या हातून असे कार्य घडो, आणि आज जे हात सेवेत आहेत त्यांच्या शेजारी उद्याचे हात आजच येऊन उभे राहोत.